कागदाची पट्टी

ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची
आणि म्हणायचं : पेन.
कागद हलला तर प,
नाही हलला तर ब.
इब्री गाव, मुलींची सरकारी शाळा, सातवी ड,
सकाळचे सव्वासात, एसी दमेकऱ्यासारखा घरघरतोय
आणि बत्तीस पट्ट्या जागच्या जागी :
बेन. बेन्सिल. बेबर.

मी हसत नाही.
या एका अक्षरावर माझं पोट आहे.
दर सत्तावीस तारखेला रियाल मोजून
एक्स्चेंजच्या काचेखालून सरकवते,
तिकडे परभणीत एका फ्लॅटचा हप्ता जातो,
ज्या फ्लॅटमध्ये आजवर मी
एकूण एकोणीस रात्री झोपले आहे.

परवा तपासणीला ब्रोना आली, आयर्लंडची,
पगार माझ्या दुप्पट, बाई मात्र साधी,
मागच्या बाकावर बसून खजूर खात सगळं पाहिलं.
तास संपल्यावर म्हणाली, आता तू म्हणून दाखव.
मी म्हटलं, पेन.
कागद हलला नाही.
पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.
कागद नुसता माझ्याकडं बघत राहिला.

आमच्याकडं प असाच म्हणतात,
वारा वाया न घालवता,
टँकरची वाट बघणाऱ्या मुलखातला, जपून वापरलेला प.
बावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय
आणि कुणी कधी कागद धरून पाहिलाच नव्हता.

रात्री ओट्याशी उभी राहून
गॅसच्या ज्योतीसमोर सराव केला :
प्हेन, प्हेपर, प्हरभणी.
ज्योत वाकली. प्हरभणी मात्र
कुठल्याच नकाशात सापडेना.

तेवढ्यात समोरची मॅरिव्हिक, सेबूची नर्स,
वाटीभर नूडल्स घेऊन आली. हॅपी प्रायडे, म्हणाली.
तिच्याकडे प उतू चाललेत,
फच्या पानातही तोच वाढते.
इथं मे महिन्यात गार नळाला उकळतं पाणी येतं,
म्हणून गीझर बंद ठेवून त्यातलं निवलेलं घ्यायचं,
गार ते गरम, गरम ते गार,
हे पहिल्या उन्हाळ्यात तिनंच शिकवलं.
तिला मी ज्योतीचं काही सांगितलं नाही.

आणि माझ्या कार्डावर कारकुनानं
गोळेचं अरबीत ग़ूली केलंय.
ग़ूल म्हणजे वाळवंटातली हडळ,
रात्री वाटसरूंना चकवणारी.
पहिल्या दिवशी फळ्यावर नाव पाहून
अख्खा वर्ग पदरात तोंड लपवून हसला होता.
मला राग आला तो हडळीचा नाही,
हडळीत निदान ळ तरी आहे.

काल ग़ालिया अल कल्बानी म्हणाली,
मिस, तुमचं खरं नाव कसं म्हणतात?
म्हटलं, गोळे.
गोले. गोरे. गोडे. गोये.
बत्तीस जणींनी आपापल्या परीनं मला हाक मारली,
एकही हाक माझ्यापर्यंत पोचली नाही.
एकीनं पट्टी ओठांसमोर धरून पाहिली.
म्हटलं, इथं वाऱ्याचा उपयोग नाही,
जीभ मागं वळवायची,
टाळूला टेकवायची आणि सोडून द्यायची.
आपली शाळा, हा फळा, तुमचे डोळे, बाहेरची वाळू,
सगळं माझ्या भाषेत याच एका अक्षरानं उभं आहे,
असं सांगायचं होतं. इंग्रजीत
सांगता आलं नाही.

घंटा झाली. रय्या, जी वर्षभरात कधी बोललीच नाही,
वही भरता भरता, खाली मान घालून
म्हणाली, गोळे.
अगदी आई मारते त्या स्वरात नाही,
पण ळ होता, ओलसर, पुरता.
मी वळले.
तिनं विचारलं, मिस, हे परीक्षेत येणार?
नाही, म्हटलं.
तिनं पट्टीचा बोळा करून टोपलीत टाकला
आणि दारातून जाताना
च्युइंगम घोळवावं तसं
तोंडातल्या तोंडात : ळ, ळ, ळ.