वारा पडतो तेवढ्यात

माघात, सड्यावर,
सकाळी आठच्या सुमाराला मतलई दमते
आणि खारा वारा अजून उठलेला नसतो.
मधे तासभर
गवताचं पातंसुद्धा हलत नाही.
तेवढाच तास आमचा.

अर्ज चार महिने आधी. पोलीस ठाणं, तटरक्षक दल, विमानतळ.
तहसीलच्या कारकुनाने विचारलं, ह्याला फटाका लिहू की विमान?
अश्फाक सोलकर म्हणाला,
जे लिहिल्यावर सही होते ते लिहा.

होडीच्या तळाला लावतो तेच काचेचं कापड, तीच राळ
थर देत देत अश्फाकने नळी घडवली,
माझ्याहून दीड हात उंच.
आठवडाभर कोपरापर्यंत खाजत होता.
शेपटाकडचं नरसाळं तिर्लोटकर सरांनी
आयटीआयच्या लेथवर सुट्टीच्या दिवशी कातलं.
तन्वीर मोबाईल दुरुस्त करतो, दहावी राहिलीय,
त्याने उंची मोजणारी चकती बसवली,
काड्यापेटीएवढी.

छत्री माझी.
गेल्या वर्षीचीही माझीच होती.
वर पहिला झटका बसला नि दोरा उसवला,
मग ते सगळं नाकावर कातळात.
जांभा फुटला नाही. बाकी सगळं फुटलं.
मला कुणी काही बोललं नाही,
ते जास्त झोंबलं.
ह्या वेळी आठ पाकळ्या, प्रत्येक शिवण दुहेरी,
नि एकेका शिवणीला तुळईवरून
मी स्वतः लोंबकळून पाहिलंय.
शेजारीण दारातून बघून परत गेली.

खोदचित्रांपासून तीनशे पावलं मोजून चुना टाकला,
भोवतीचं गवत कापून काढलं,
पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली.
बाबल्या शेट्ये कलमांच्या बागेतून वर आला,
बराच वेळ बघत राहिला.
"ह्यान् वांदर पलतील काय?"
सर म्हणाले, माहीत नाही.
"मग उपेग काय?"
सर म्हणाले, माहीत नाही.
तो तिथेच दगडावर बसला. गेला नाही.

पाच, चार, तीन.
शून्य.
काही नाही.
खांबाजवळून एक टिटवी चालत गेली, घाई नसलेली.
नियम आहे, अशा वेळी जागचं हलायचं नाही,
घड्याळ बघायचं.
मग एकट्या तन्वीरने जायचं.
तारेच्या टोकाला दव धरलं होतं.
शर्टाने पुसून, टोक बदलून, परत आला.

पुन्हा पाच.

मांजरपाट एका दमात फाडतात ना, टर्रकन,
तसा आवाज,
पण कापड संपेचना.
आणि खडूची रेघ आभाळावर,
पट्टी न लावता सरळ.
वीस वर्षं रेघा मारतेय मी,
अशी एक नाही आली.

मग रेघही संपली.
सर मोजत होते, तोंडातल्या तोंडात.
सोळा. सतरा.
मी आभाळात बघत नव्हते,
माझ्या चपलांकडे बघत होते.
बाबल्याच ओरडला, "ती बग! ती बग गो!"
टाचणीच्या डोक्याएवढं, केशरी.
उघडलेलं.

खाली वारा पडला होता.
वर त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.
मतलई होतीच तिथे,
तिने छत्री उचलली नि निघाली,
कडा ओलांडून, मुसाकाजीच्या डोक्यावरून, पाण्याकडे.
आम्ही चौघं सड्याच्या टोकापर्यंत धावलो,
पुढे धावायला काही नव्हतं.
अकरा मिनिटं दिसत होती.

अश्फाकच्या मेव्हण्याचा ट्रॉलर दुपारपर्यंत फिरला.
कोलंबी थोडी मिळाली, म्हणाला.

चकती गेली तिच्याबरोबर.
सरांच्या वहीत तारीख आहे, वजन आहे,
वाऱ्यापुढे "शून्य" लिहून खोडलंय.
उंचीचा रकाना कोरा.
तन्वीर त्याच्याकडे बघून गप्प बसतो.
मी बसत नाही.
अकरा मिनिटं म्हणजे माझी छत्री जरा जास्तच चांगली होती,
पुढच्या वेळी मधलं भोक
चार बोटं मोठं ठेवायचं.
कागद कापून ठेवलाय.