नोंदीत नसलेला नमुना

ब्लूमफाँटेनच्या या इमारतीत आत शिरायला
तीन दारं, हातमोज्यांचे दोन थर,
आणि श्वास आपलाच, पण गाळून घेतलेला.
आतलं काही बाहेर येत नाही.
फक्त आकडे येतात.

एकेचाळीस नंबरचा नमुना आमच्या डोंगरावरचा.
खोआरा: पानं मखमली, राखाडी,
फूल इतकं गडद की भर दुपारी दिवेलागण वाटावी,
आणि जमिनीखाली लालकाळं मूळ,
तुरट, जीभ आखडून टाकणारं.
हे तुरटपण त्यानं आपल्यासाठी नाही केलं.
अळीसाठी केलं, बुरशीसाठी केलं,
बर्फाखालच्या लांबलचक महिन्यांत
कुणी कुरतडू नये म्हणून.
आपण दुसऱ्यांचं भांडण ऐकत दाराशी उभे,
एखादा शब्द आपल्या कामाचा निघेल या आशेवर.

चोवीस खळग्यांची थाळी.
खळग्यात माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी,
त्यांच्यावर कोरोना,
त्यावर खोआराचा अर्क, पातळ, आणखी पातळ.
तीन दिवसांनी जांभळा रंग ओतायचा.
जगलेलं जांभळं दिसतं.
मेलेल्या जागी भोकं.
ती मी मोजते. माझा पगार त्या भोकांचा.

त्या गुरुवारी पहिल्या रांगेत भोक नव्हतं.
एकही नाही.
वांग्याच्या सालीसारखं सलग जांभळं.
मास्कच्या आड मी हसले, कुणाला दिसलं नाही.
एस्टरहाउझन बाईंनी आकडा पाहिला, कागद उलटा केला,
पाठीमागे पेन्सिलीनं गुणाकार मांडला:
इतका अर्क रक्तात उतरायचा
तर माणसानं दिवसाला किती मूळ खावं?
उत्तर आलं, बादलीभर.
वाईट बोलल्या नाहीत. हिशेबच तसा होता.

आईनं फोनवर विचारलं, लागू पडतं ना?
म्हटलं, थाळीत पडतं.
मग थाळीतलं पोटातच जातं की, ती म्हणाली,
त्यात एवढं काय अडलं?

तिला गावात मात्सेलिसो म्हणतात, त्सेलिसोची आई.
आमच्यात बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात,
आणि त्सेलिसो म्हणजे सांत्वन.
भाऊ गेला त्याला दोन हिवाळे झाले.
हाक तीच.

सुटी संपवून तो वेल्कोमच्या खाणीवर निघाला
तेव्हा तिनं त्याच्या पिशवीत काढा कोंबला होता,
सोड्याच्या काचेच्या बाटलीत.
खाणीनं सामान परत पाठवलं: बूट, घोंगडी, रेडिओ,
आणि बाटली. गळ्यापर्यंत भरलेली.
तिनं ती फेकली नाही.
या ईस्टरला माझ्या हातात दिली.
तुमच्या त्या मशीनला विचार.
काय विचारू, ते बोलली नाही.
मलाही ते मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

चमचाभर आत नेलं. वहीत लिहिलं नाही.
शेवटचा खळगा, कोपऱ्यातला.
तीन दिवसांनी नुसती चाळण.
पण दोन वर्षं आंबलेल्या काढ्यानं
ताज्या काढ्याची साक्ष कशी द्यावी?
आणि थाळीनं त्सेलिसोची?

शनिवारी होतं तेच सांगितलं: कळत नाही, आई.
ती बराच वेळ गप्प. मागे बकऱ्यांच्या घंटा.
मग सांगू लागली,
यंदा खालच्या उतारावर मुळं बोटाएवढीच आहेत,
ट्रकवाले किलोनं घेतात,
पोरं डोळा असलेला तुकडासुद्धा पोत्यात टाकतात,
तो परत मातीत सारायचा असतो,
एवढंही कुणी शिकवलं नाही त्यांना.
मी हो हो करत राहिले.
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
येताना बाटली आण.
झाकण घट्ट बसतं तिचं.