नमुना क्रमांक एकोणचाळीस

सिलिकॉनचा निळा पट्टा, सात दिवस मनगटावर.
हवेतलं, धुळीतलं, ढेकणांच्या औषधातलं
जे जे पोरीला चिकटतं
ते यालाही चिकटेल. एवढंच काम त्याचं.
"काढायचा नाही. झोपतानाही."
झुलेखा मान डोलावते.
वय आठ, बैंगनवाडी, कचऱ्याच्या डोंगराकडून तिसरी गल्ली.

आठव्या दिवशी मी फॉइलची पिशवी उघडून उंबऱ्यात उभी.
पट्टा येतो इस्त्रीच्या रुमालात,
चकचकीत, लिंबाच्या साबणाचा वास.
"फार मळला होता, मॅडम," आई सांगते,
"तसा कसा परत द्यायचा?
दोनदा उकळला."

वहीत लिहिते : नमुना बाद.
शाई वाळेपर्यंत चहा येतो,
कपाच्या कडेवर मागल्या भट्टीची बारीक काजळी.
मी बोटाने पुसते, पिते.

दुसरा पट्टा काढते.
झुलेखाला हिरवा हवाय. हिरवा नाहीये.
जुन्याच्या जागी मनगटावर एक उजळ वळं,
तिथेच नवा बसतो.

"या वेळी मळू द्यायचा नाही हं," आई बजावते.

मी सांगायला जाते,
मळू द्या हो, मळायलाच तर
आणि पुढचं वाक्य
झुलेखा ऐकत असते.