सतरावर सहासष्ट

चार रस्त्याला नवा हायवे सरळ निघून गेला.
मी डावीकडचा दिवा लावला,
तर मागच्या टेम्पोवाल्याने वैतागून हॉर्न दिला.
या गाडीचं तिकडे काय काम?

चावडी. तालुका काणकोण.
अण्णांच्या तोंडी हे नाव
खाण्याच्या पदार्थासारखं यायचं.
'चावडीला थांबलो' म्हणजे तोंड धुतलं, पाव-भाजी झाली,
टायरांवर काठी आपटून पाहिली
आणि करमलचा घाट अजून पुढेच आहे.
मंगळुरी कौलं, चिपळूणपर्यंत,
वाटेत शंभरातली तीन फुटली तरी चालायची.
चौथी पगारातून.

रस्ता तोच. रुंदीही तीच.
फक्त लांब जायला निघालेलं कुणी
आता त्यावर नाही.
एका बाईने खोलची मिरची
थेट डांबरावर वाळत घातलीय,
आणि ती लाल पसरण
मधल्या पांढऱ्या पट्ट्याशी येऊन थांबते.
पलीकडची बाजू
तिने मोकळी सोडली आहे.

मोरीपाशी दगड.
सतरावर पिवळा हात मारून
कुणीतरी सहासष्ट काढलेत.
रंगाऱ्याला घाई असणार,
सहाच्या पोटातून
जुन्या सातची शेपटी दिसते.
अण्णांना अजून हा बदल मान्य नाही.
टीव्हीवर अपघाताची बातमी आली
की ते आधी आकडा दुरुस्त करतात,
मग हळहळतात.

बुशांवच्या हॉटेलात बुशांव नाही.
गल्ल्यावर त्याची मुलगी, इस्पेरांस,
चष्मा कपाळावर, समोर भोपळ्याच्या बिया.
"कितें दिवं?"
पातळ भाजी होती. पाव सकाळचे.
संगमरवरी टेबलाचा एक कोपरा उडालेला,
तिथे बोट आपोआप जातं.

भिंतीवर एक पोस्टकार्ड, चार टाचण्यांनी.
धाकट्या भावाने पाठवलेलं.
मिंगेल आधी बोटीवर होता, आता अमेरिकेत भांडी धुतो,
भांडी म्हणजे मशीनमध्ये घालतो, ती म्हणाली.
तिथेही एक जुना सहासष्ट नंबर आहे म्हणे.
बाजूने मोठा रस्ता झाला
आणि छोटं गाव जागच्या जागी राहिलं.
एक पंप आहे, पेट्रोल नाही,
पण दरवर्षी त्याला लाल रंग देतात.
लोक लांबून येतात,
पंपाला हात लावतात, फोटो काढतात,
टोप्या विकत घेतात.

"आमच्या शटराला कोण हात लावील?"
ती हसली. खरंच हसली.
मी टेबलाच्या कोपऱ्यावरचा हात
हळूच मांडीवर घेतला.

मग कामाचं बोलले.
शेवटच्या खेपेची उधारी, अडतीस रुपये.
अण्णांनी दोनदा बजावलं होतं,
तिसऱ्यांदा चिठ्ठी लिहून दिली होती.
वही वाळवीने खाल्ली, ती म्हणाली,
आणि कौलांचे ट्रक काय एक होते?
कुठला ड्रायव्हर, कसा दिसायचा?
मी सांगू लागले. उंच, डावा कान जरा…
तिला आठवेना.
आठवल्यासारखंही तिने केलं नाही.

तरी चाळीस पुढे केले.
तिने हात पुसले, नोटा घेतल्या,
गल्ल्यात शोधून शोधून
दोन रुपये परत दिले.

बाहेर येऊन फोन लावला.
शेतापलीकडून नव्या रस्त्याची घरघर,
दळण चालू असावं तशी.
"किती घेतले?"
अडतीस.
बराच वेळ नुसता श्वास.
"भाजी होती?"
होती.
"रस्त्यावरून आता काही गेलं का?"
एक सायकल, म्हटलं,
मिरची चुकवून.
"कुठल्या बाजूला?"