दोरी

तोल्मेत्सोच्या बाजारगल्लीत, बेकरीला लागून आमचं दुकान.
हेल्मेटं काचेत मांडलेली, एअरबॅगची जाकिटं आत,
कारण किंमत वाचून माणसं दारातूनच परत जातात.

एर्मेस आणि निवेस आले ते मे महिन्यातल्या मंगळवारी.
तो कागद गिरणीतून निवृत्त, ती अजून शाळेच्या स्वयंपाकघरात.
गाडी जुनी, रस्ता ठरलेला:
रविवारी घाट, वर एकेक वाटी सूप, अंधाराआधी घर.
"हल्ली वळणं पूर्वीपेक्षा लवकर येतात," तो म्हणाला.

मी दोन्ही प्रकार टेबलावर पसरले.

हे दोरीचं. एक टोक गाडीला, दुसरं छातीशी.
माणूस गाडीपासून तुटला की दोरी खटका ओढते,
छोटी बाटली फुटते,
आणि मान, पाठ, बरगड्या हवेत गुंडाळल्या जातात.
याला वीज लागत नाही.
फक्त उतरताना दोरी सोडायची आठवण लागते.
(आमचे पाद्री मागच्या वर्षी पेट्रोल पंपावर विसरले,
उतरले, आणि धाडकन टम्म फुगून उभे राहिले, पैसे मुठीत.)

हे दुसरं विजेचं.
हे सेकंदाला शेकडो वेळा स्वतःला विचारतं: पडतोय का? पडतोय का?
सिग्नलला उभं असताना मागून कुणी ठोकलं
तर दोरीआधी याला कळतं.
पण रात्री चार्जिंगला लावायचं, मोबाईलसारखं.
आणि या मॉडेलला वर्षाची वर्गणी.
"थकली तर?"
"तर नुसतं जाकीट."
एर्मेसनं चष्मा पुसला. "म्हणजे माझ्या बरगड्या उधारीवर."

मापं मी उभ्यानं घेत नाही.
मागच्या खोलीत बाबांची चाकं काढलेली गाडी आहे,
तिच्यावर बसवते, वाकवते, कातडी कोटाच्या आत चार बोटं घालून बघते.
हवेला जागा दिली नाही
तर ती तुमच्यातूनच जागा काढते.

निवेस त्याच्या मागे बसली,
सवयीनं दोन्ही हात त्याच्या पोटावर बांधले,
आणि तिथूनच, त्याच्या खांद्यावरून, मला विचारलं,
"फुगल्यावर माझे हात सुटतील?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
लोक रंग विचारतात. वजन. धुता येतं का. उन्हाळ्यात शिजायला होतं का.

"सुटतील," मी म्हणाले. "तुमच्यामध्ये वीतभर हवा येईल."
"म्हणजे पडताना आम्ही वेगवेगळे."
"एकमेकांवर पडण्यापेक्षा ते बरं."
हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिथं सोपं वाटलं होतं.

बेकरीची भट्टी उघडल्याचा आवाज आला.
"एकेचाळीस वर्षांत हिनं गाडीवर मला एकदाही सोडलं नाही," एर्मेस म्हणाला.
"उतरल्यावर रोज सोडते," ती म्हणाली,
पण हात तसेच.

मी नमुन्याचं जाकीट तिला चढवलं आणि दोरी ओढली.
आवाजानं बेकरीवाली धावत आली.
निवेस मध्ये उभी, हनुवटी वर, दंड अंगापासून लांब,
दुपट्यात घट्ट बांधलेल्या तान्ह्यासारखी चकित.
त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न तिनं केला. हात पुरले नाहीत.
त्याच्या बाहीची कड तेवढी दोन बोटांत आली.
हवा हळूहळू उतरेपर्यंत तिनं ती धरून ठेवली.

दोरीचीच घेतली, दोन. चार हप्त्यांत.
"दोरी मला दिसते," ती म्हणाली, "याची पण मीच अडकवीन."

जून गेला. जुलैत घाटावर दोनदा रुग्णवाहिका चढली;
दोन्ही वेळा मी काउंटरवरचं तेच बिल पुन्हा तपासत होते.

सप्टेंबरात निवेस एकटीच आली.
पिशवीतून रिकामी बाटली काढून काउंटरवर ठेवली.
माझ्या तोंडून शब्द फुटेना.
"पेट्रोल पंप," ती म्हणाली,
आणि बाहेर बोट केलं:
बेकरीसमोर, गाडीला टेकून,
एर्मेस पाव खात होता, आमच्याकडे पाठ करून.