मष्णूचा फोन आला त्या आठवड्यात

रात्री साडेअकराला मष्णूचा फोन.
तिकडं दुपार होती.
जहाजाच्या लाँड्रीत चार वर्षं चादरींच्या घड्या घालणारा हा
मिळालेल्या एका सुट्टीत
समुद्र सोडून, नदीतून, होडीनं रानात गेला होता.
"माया लोकांचं देऊळ दाखवूलालोय, बघ," म्हणाला
आणि मोबाइल फिरवला.
आधी नुसतं हिरवं, मग त्याचा अंगठा,
मग पायऱ्या,
इतक्या उभ्या, की माणसांनी वर यावं की येऊ नये
हे वरच्या देवाचंच ठरलं नसावं.
मागं काहीतरी डरकाळत होतं.
"वाघ काय रे?"
"माकडं. इथली माकडं अशीच."
मग सहज म्हणाला,
"आपल्या जांबोटीच्या वरच्या रानात पण एक हाय म्हणतात की.
गेलास कधी?"

वय बावन्न. घरापासून एकवीस किलोमीटर.
रेंज गेली म्हणून बरं.

रविवारी भट्टी थंड असते.
गाडी शेवटच्या गवळीवाड्यात लावली,
पायांना तंबाखूचं पाणी चोळलं जळवांसाठी,
आणि वनखात्याच्या फकीरप्पामागं चालू लागलो.
तो कन्नडात बोलायचा, मी मराठीत,
गव्याचं शेण दिसलं की दोघं गप्प.

देऊळ असं दिसलंच नाही.
आधी एक नांद्रुक दिसलं,
बसकण मारलेलं, मांडीखाली काहीतरी दडवून.
फकीरप्पानं काठीनं मुळं दाखवली,
मुळांच्या आत खांब, खांबाच्या आत अंधार,
अंधारात वटवाघळांचा आंबूस वास
आणि देव नसलेलं एक पाणवठ्याएवढं भोक.
देव कुणी नेला?
"ब्याग्याळ होतं," तो म्हणाला. बेडूक.
आत खरंच एक बेडूक होता,
पुजाऱ्यासारखा कंटाळलेला.

खात्याची निळी पाटी तीन भाषांत.
माझी त्यात नाही.
याची सवय आहे; डोळा तरी एकदा खालपर्यंत जाऊन येतो.

पाटीमागं लेखाचा दगड.
गोल गोल अक्षरं, ज्वारी सांडावी तशी.
"वाच की," मी म्हणालो, जरा खोचकच. "तुमचीच हाय."
त्यानं तळव्यानं शेवाळ पुसलं,
बोट एका ओळीवरून नेलं, थांबला, परत मागं आला.
"हळे कन्नड," म्हणाला. "नमगू गोत्तिल्रि."
त्यालाही ठाऊक नाही.
ज्या अक्षरांपायी आमच्या चौकात
कितीदा काचा फुटल्या,
त्यांच्या आजोबांपुढं
आम्ही दोघं उभे, सारखेच अंगठेबहाद्दर.
त्यानं डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी.
अर्धी मला दिली.

दगडाचं मला कळत नाही. मातीचं कळतं.
आजोबांपासून आमची कौलं.
म्हणून जोत्यातून ढासळलेल्या विटा
खाऊन झाल्यावर उलटून बघत बसलो:
माती नदीची, भुसा मिसळलेला, आच जरा कमी पडलेली.
चौथी उलटली, आणि
तिच्यावर कुत्र्याचं पाऊल.
चार बोटं, मागं गादी, नखंसुद्धा.

आम्ही असा माल बाजूला काढतो,
गोठ्याला, संडासाला वापरतो.
इथंही कुणी मुकादम ओरडला असेल,
कुणी म्हणालं असेल, आत भरा, दिसणार थोडीच.
राजाचं नाव दगडात कोरून वाचेना झालं.
हे अजून कुत्रंच.

वीट जिथली तिथं, पालथी ठेवली.
फोटो मष्णूला पाठवला.
तीन दिवसांनी कुठल्याशा दुसऱ्या बंदरातून उत्तर आलं:
"आपला मोत्या काय?"

सोमवारी पटांगणात ओली कौलं मांडली होती.
मोत्या कडेकडेनं आला,
एक पाय उचलून माझ्याकडं बघितलं.
हड् म्हणालोच मी.
जरा उशिरा म्हणालो.