अर्धपोटी

विल्मर गुरुजी, आधी तो फोन काढा.
हो, आत्ताच. ऊन डोक्यावर आहे म्हणूनच.
बारा ते तीन इथे कुणाची वायर लागत नाही.
म्हाताऱ्या कासिमिरोला विचारा, त्याच्या टीव्हीची पिन
अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे.

या चार बॅटऱ्या. शिशाच्या, पोटात आम्ल.
रात्रभर दिवे, टेलिफोन, लसींचा छोटा फ्रीज
यांनी उपसून उपसून पहाटे खंगलेल्या असतात.
सूर्य डोंगरावर येतो तेव्हा पॅनेलवर हिमाची साय असते,
ती मी शालीच्या टोकानं पुसते.
मग कंट्रोलर दार सताड उघडतो,
येईल तेवढं येऊ दे आत.
आकडा चढतो, बारा पॉइंट एक, बारा पॉइंट नऊ, तेरा,
जणू किन्वाच्या कापणीवरून आलेली माणसं पानावर बसलीत,
बोलत नाहीत, मान वर करत नाहीत.
याला बल्क म्हणतात.

साडेअकराला आकडा थबकतो.
चौदा पॉइंट आठ. खाली गरम मुलखात जरा कमी पुरतो;
इथे किती गारठा आहे ते कंट्रोलरला ती काळी तार सांगते,
बॅटरीच्या कुशीला चिकटवलेली.
आणि इथेच सगळे फसतात. तुम्हीही फसलात.
वाटतं, भरली.
भरली नाही. दहातला आठवा घास झालाय.
उरलेले दोन सावकाश जातात,
पहिल्या आठांना लागला जवळजवळ तितकाच वेळ.
आता दाब तोच धरायचा, प्रवाह आपणहून उतरू द्यायचा:
वीस अँपिअर, बारा, सात, साडेचार...
कंटाळवाणे तास. काही घडताना दिसत नाही.
आमचा चुन्यो तसाच. बटाटा रात्री गोठवला,
पायांनी तुडवला, पाणी काढलं, तरी काम संपत नाही,
मग नुसतं उन्हात पडून राहणं असतं.
त्या पडून राहण्यात तो दहा वर्षांचा होतो.

पहिल्या बॅटऱ्या आम्हीच मारल्या.
दुपार झाली की अख्खी वस्ती चार्जर घेऊन दारात,
फोन, लामांची लोकर कापायचं मशीन, कासिमिरोचा टीव्ही.
रोज दोन घास कमी.
उपाशी कुणी नव्हतं, फक्त रोज अर्धपोटी.
शिशाच्या पट्ट्यांवर पांढरं धरलं,
खाली मिठाच्या मैदानावर धरतं तसं, आणि मग ते सुटेना.
सल्फेट, म्हणाला ओरुरोचा माणूस, आणि बिल दिलं.

त्याच जुलैत, एका रविवारी,
सीमेपलीकडच्या खाणीतून तेओदोसिओचा फोन आला.
"निकासिया," म्हणाला, "तुला एक सांगायचं..."
आणि खट्ट.
दिवा गेला, फ्रीजची घरघर गेली, तो गेला.
मी अंधारात रिसीव्हर कानाला लावून
बराच वेळ उभी होते.

मार्चमध्ये आला. एक बोट कमी, एक दात सोन्याचा.
काय सांगायचं होतं रे?
डोकं खाजवत म्हणाला, आठवत नाही.

म्हणून पिन खिशात.

तीननंतर बघा, आकडा आपोआप उतरतो,
पावणेचौदाच्या आसपास.
हे फ्लोट. पाहुणा जेवून उठलाय,
आता फक्त पाणी हवं का विचारायचं. आग्रह नाही.
आग्रहानंही मरतात या.
हां, महिन्यातून एकदा मुद्दाम जास्त वाढते,
खिडक्या उघडून, चूल विझवून, पोरांना बाहेर काढून.
झाकणांखाली बुडबुडे येतात, चारी जणी ढेकर देतात.
नंतर डिस्टिल्ड वॉटर, पट्ट्या बुडेपर्यंत.
नळाचं नाही. झऱ्याचंही नाही, कितीही पवित्र असो.

लावा आता तुमचा फोन.

तेओदोसिओ आता इथेच असतो.
कधी जेवण झाल्यावर दिव्याखाली थांबतो,
तोंड उघडतो, मिटतो,
बोट नसलेल्या जागी अंगठा फिरवत राहतो.
मी भांडी हळू घासते.
दिवा घालवत नाही.